पात्यांच्या मागचा वारा

९ डिसेंबर २०२४

कॉलेजच्या विंड टनेलची मोटर आज जळाली. अनीश सरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "पायल, ही काही या वर्षी उठत नाही." नवीन मोटर मंजूर होईपर्यंत आमची बॅच पास होऊन घरी बसलेली असेल.

सर म्हणतात प्रोजेक्टसाठी सिम्युलेशन कर. कॉम्प्युटरवर रंगीत चित्रं येतात, छान दिसतात, मार्कही मिळतात. पण मला ते नकोय. मला डोळ्यांनी बघायचंय.

काय बघायचंय ते इथे सोप्या भाषेत लिहून ठेवते, मला तरी कळतंय का ते कळेल. पवनचक्की वाऱ्यातली ताकद काढून घेते. त्यामुळे तिच्या मागे जाणारा वारा मंदावतो आणि गोल गोल फिरत पुढे जातो. नाव पुढे गेली की मागे पाण्यात पट्टा राहतो, तसाच हवेतला पट्टा. त्याला वेक म्हणतात. त्या पट्ट्यात दुसरी चक्की आली तर तिच्या वाट्याला थोडाच वारा येतो, आणि तोही धक्के देणारा. हा पट्टा किती लांब टिकतो? पुढची चक्की जरा तिरकी केली तर तो बाजूला सरकतो म्हणतात. खरंच सरकतो? जगात लोकांनी हे कधीच शोधून ठेवलंय. मी नाही बघितलं अजून.

१५ डिसेंबर

जागा मिळाली! उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये शीलामावशीचा जीन्सचा गाळा आहे, त्याची मागची बाजू बरीचशी रिकामी पडलीय. ती कमलेशभाईंचा माल शिवून देते, त्यांचं दुकान कॅम्प दोनला. सध्या काम कमी आहे.

"ठेव तुझं खोकं," मावशी म्हणाली. "पण माझ्या बायकांच्या मध्ये येऊ नको. आणि थ्री फेजला हात लावायचा तर मला विचारून."

पप्पांनी फॅक्टरीतून आल्यावर कपडेसुद्धा न बदलता प्लायवूडवर रेषा मारायला घेतल्या. मी म्हटलं, पप्पा, चहा तरी घ्या. म्हणाले, आधी माप.

४ जानेवारी २०२५

टनेल उभं राहिलं. प्लायवूडची लांब पेटी, एका बाजूला ॲक्रिलिकची खिडकी. तोंडाशी ज्यूसच्या स्ट्रॉ चिकटवून जाळी केली, म्हणजे वारा सरळ रांगेत आत येतो. शेपटीला मोठा एक्झॉस्ट फॅन, तो हवा ओढून मागच्या खिडकीतून बाहेर टाकतो. आत तळहाताएवढ्या दोन चक्क्या, एकामागे एक.

फॅन चालू केला. पुढची चक्की भन्नाट सुटली. मागची जराशी फिरली, थांबली, परत जराशी फिरली. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. शिलाईच्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या आणि मावशी ओरडली.

अडचण एकच. वारा दिसत नाही. अगरबत्ती लावून पाहिली, धूर आत शिरल्या शिरल्या विरून जातो.

११ जानेवारी

आज जे झालं ते मी शोधलेलं नाही, आपोआप झालं.

गाळ्याच्या मागच्या भागात द्रौपदीकाकी बसतात. त्यांचं काम घिसाई. नवी जीन्स लाकडी फळीवर चढवायची आणि मांड्यांवर, गुडघ्यांवर पॉलिश पेपरने घासायची, म्हणजे ती जुनी वापरलेली दिसते. लोक नवी पँट घेतात ती जुनी दिसावी म्हणून. असो. तर घासताना निळी रुई उडते. अगदी बारीक, पिठापेक्षा हलकी. ती माझ्या टनेलच्या तोंडातून आत ओढली गेली. मी लेसर पॉइंटरसमोर काचेची कांडी धरून प्रकाशाचा पातळ पडदा केला होता, त्या पडद्यात ती रुई चमकली, आणि मला वेक दिसला.

दिसला! पात्यांच्या टोकांपासून निघालेले स्प्रिंगसारखे वेढे, मधे मंद हवेचा खांब, खांब हळूहळू रुंद होतोय, कडेची वेगवान हवा आत घुसून त्याला भरून काढतेय. पुस्तकातली आकृती श्वास घेतेय असं वाटलं.

"काकी, थांबू नका, घासत राहा!" मी ओरडले.

"घासतीय की," त्या म्हणाल्या. "रोज तेच तर करतीय."

१९ जानेवारी

द्रौपदीकाकींना सगळं दाखवलं. डोळे बारीक करून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आन् हे निळं म्हंजी माझ्या हातचं?"

"तुमच्याच हातचं."

फार खूश झाल्या. आता मी आले की त्या स्टूल टनेलच्या तोंडाजवळ ओढून घेतात आणि जाड कपडा निवडून घासतात. "तुला रुई जास्ती पायजे ना? ह्याची लई उडती." आज माझ्यासाठी डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. उल्हासनगरला त्यांचं स्वतःचं कुणी नाही, मावशी सांगत होती. मुलगी लग्न करून सुरतेला गेली.

२ फेब्रुवारी

पुढची चक्की तिरकी केली. वेक सरकला! केळीचं पान वाऱ्याने एका बाजूला झुकावं तसा अख्खा खांब वाकला आणि मागच्या चक्कीच्या बाजूने निघून गेला. मागची चक्की सुटलीच. पुढचीचा वेग थोडा कमी झाला, पण दोघींचा मिळून फायदा. अनीश सरांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन. "हे सीडिंग कशाचं केलंस, हवेत काय सोडलंस? इतकं स्वच्छ दिसतंय."

"सर, जीन्सची रुई."

ते हसले, मग म्हणाले, "एक्सटर्नल परीक्षकासमोर हे लाइव्ह दाखवायचं. व्हिडिओ नाही. लाइव्ह."

काकींना सर्दी झालीय. रुमालावर निळे डाग दिसले. हाताचा रंग लागतो. तो कशानेच जात नाही, नखांतसुद्धा बसलाय.

१६ फेब्रुवारी

कमलेशभाईंचा मोठा माल आलाय. गाळा भरलाय, घिसाईचे ढीग लागलेत, त्यामुळे माझं सीडिंग एकदम दाट. इतके चांगले फोटो आधी कधी आले नव्हते. खडबडीत हवा आत सोडली, म्हणजे तोंडाशी तारेची जाळी लावली, तर वेक लवकर भरून निघतो. मला उलटं वाटलं होतं. शांत वाऱ्यात पट्टा जास्त लांब टिकतो, कारण त्याला ढवळणारं कुणी नसतं. दिवसभर हेच डोक्यात.

मावशीने काकींच्या पाठीमागे मोठा पेडेस्टल फॅन लावून दिलाय, गरम होतं म्हणून. काकींचा खोकला लांबलाय. मी म्हटलं, गरम पाणी प्या. म्हणाल्या, "पिती गं. तुझं झालं का? आणखी घासू?"

मी म्हटलं, थोडं अजून.

२७ फेब्रुवारी

काकी आल्या नाहीत.

२८ फेब्रुवारी

आजही नाहीत. मावशी त्यांच्या खोलीवर जाऊन आली. काकींना जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की बसावं लागतं. मावशीने रिक्षा करून सरकारी दवाखान्यात नेलं. एक्सरे काढला. डॉक्टरांनी काम काय करता विचारलं, आणि ऐकल्यावर लिहायचं थांबवून वर बघितलं, असं मावशी म्हणाली.

फुप्फुसात धूळ बसलीय. बसलेली निघणार नाही. निदान आणखी बसू नये, एवढंच हातात आहे.

१ मार्च

"थोडं अजून."

२ मार्च

आज गाळा बंद होता. मावशीकडून किल्ली घेतली.

मला नक्की काय करायचं होतं ते माहीत नव्हतं. काकींच्या स्टुलावर बसले. त्यांचा पॉलिश पेपर तिथेच पडला होता. तोंडाला ओढणी बांधली, फळीवर जीन्स चढवली, पाठीमागचा पेडेस्टल चालू केला आणि घासायला लागले. एक प्रश्न मात्र डोक्यात होता. पाठीमागून इतका वारा येतो, तर रुई पुढे उडून जायला पाहिजे. काकींच्या नाकात जाते कशी?

मग लेसरचा पडदा स्वतःसमोर धरला आणि मोबाइल बाजूला टेकवून रेकॉर्डिंग लावलं.

रुई जात नाही. ती माझ्या हातांतून उठते, जराशी पुढे जाते आणि परत फिरते. छातीशी येते, वर चढते, चेहऱ्यासमोर गोल फिरत राहते. पाठीमागून जोरात येणारा वारा माझ्या दोन्ही बाजूंनी निघून जातो, आणि माझ्या पुढ्यात मंद हवेचा एक खड्डा तयार होतो. त्या खड्ड्यात माझं तोंड.

हा वेक आहे. मी दोन महिने रोज तोच बघत होते, काचेच्या पलीकडे. काकी वाऱ्यात बसल्या होत्या, पाठ वाऱ्याकडे करून, आणि त्यांच्या अंगामागचा वेक त्यांच्याच चेहऱ्यापुढे होता. फॅन जितका जोरात, तितकी हवा तिथे गरगरत राहणार. मावशीने बरं वाटावं म्हणून फॅन लावला होता.

मी स्टूल वळवलं. वारा डाव्या खांद्यावर घेतला. रुई उठली आणि उजवीकडे निघून गेली. सरळ. चेहऱ्यासमोरची हवा मोकळी. परत पाठ केली, ढग परत. परत वळले, गेला. किती वेळा केलं मोजलं नाही. शेवटी ओढणी सोडून बघितली, नाकाच्या जागी निळा डाग होता.

३ मार्च

मावशीला व्हिडिओ दाखवला. तिने एकदा बघितला आणि मोबाइल परत दिला.

"फॅन आम्ही सगळे पाठीमागेच लावतो," ती म्हणाली. "पुढून लावला तर कपडा उडतो. माझ्या आधीपासून तसंच आहे."

"बाजूने लाव."

"बाजूला कोण बसलंय? शिलाईच्या बायका बसल्यात. काकींच्या नाकातली काढून त्यांच्या नाकात घालू?"

तिचं बरोबर होतं. मी हा विचारच केला नव्हता. एका बाजूने वारा दिला तर दुसऱ्या बाजूला तो ओढून घेणारं काहीतरी हवं, आणि ते थेट बाहेर फेकणारं हवं. म्हणजे उजव्या भिंतीतल्या झरोक्यात मोठा एक्झॉस्ट.

आम्ही दोघींनी एकदमच माझ्या टनेलच्या शेपटीकडे बघितलं. मग मावशी म्हणाली, "जाऊ दे. तुझी परीक्षा आहे. झाल्यावर बघू."

परीक्षा २१ एप्रिलला. कमलेशभाईंचा माल अर्धा बाकी आहे. मावशीने उद्यापासून घिसाईला एक नवी बाई बोलावलीय. जिज्ञासा नाव. माझ्याच वयाची आहे.

४ मार्च

जिज्ञासा काकींच्या स्टुलावर बसली. पाठीमागे पेडेस्टल. मी टनेल चालू केलं नाही. तिने विचारलं, "दीदी, तुमचं मशीन बघू का?" मी म्हटलं, उद्या.

५ मार्च

पप्पांना सगळं सांगितलं. ते जेवत होते, जेवत राहिले. मी म्हटलं, बोला ना काहीतरी. म्हणाले, "झरोक्याची रुंदी घेतलीस का?"

६ मार्च

टनेलचा फॅन काढला. पप्पा शिडीवर, मी खाली. झरोका लहान पडत होता, चौकट छिन्नीने मोठी करावी लागली. मावशी येऊन उभी राहिली, "भिंत पाडा माझी," म्हणाली, आणि स्वतःच झाडू आणून पडलेला चुना गोळा करायला लागली. पेडेस्टल जिज्ञासाच्या डाव्या हाताला आणला. तिला सांगितलं, पाठ वाऱ्याकडे कधीच करायची नाही. लेसर धरला. रुई उजवीकडे जाते आणि झरोक्यातून बाहेर. बाहेर मावशीने गोणपाटाची मोठी पिशवी बांधली, नाहीतर गल्लीतले लोक भांडायला आले असते. शिवाय मेडिकलमधून मास्क आणले, साधे कापडाचे नाहीत, घट्ट बसणारे.

टनेल आता नुसती पेटी आहे. त्यात बायकांनी डबे ठेवायला सुरुवात केली.

रडू आलं, पण घरी येईपर्यंत थांबलं.

११ मार्च

अनीश सर चिडले. आवाज चढवत नाहीत ते, पण पेन टेबलावर ठेवून देतात. "महिना-दीड महिना थांबता आलं नसतं?"

"सर, तिथे दुसरी मुलगी बसली होती."

"दुसरा फॅन?"

"तेवढा मोठा मिळाला नाही. लहान लावून बघितला, रुई अर्ध्या वाटेतून परत येते."

त्यांनी पेन परत उचललं. म्हणाले, "तुझा विषय पवनचक्की आहे, पायल. एक्सटर्नल तेवढंच विचारणार."

१३ मार्च

कमलेशभाई माल बघायला आले. झरोक्याकडे बघून म्हणाले, "ये क्या लगाया, साइक्लोन?" मावशीने त्यांना स्टुलावर बसवलं. खरंच बसवलं! पॉलिश पेपर हातात दिला आणि पाठीमागून फॅन लावून घासायला लावलं. मी लेसर धरला. आपल्या नाकासमोर काय फिरतंय ते बघून त्यांनी श्वास रोखून धरला आणि पटकन उठले. शर्ट झटकत राहिले. जाताना मला म्हणाले, "बेटा, मेरा माल और तीन कारखानों में बनता है, वहाँ भी यही हाल है." तिथे काय करणार, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

२१ एप्रिल

झालं. एक्सटर्नल म्हणून पुण्याचे एक सर आले होते. चक्क्यांचे व्हिडिओ बघितले, आकडे बघितले, चांगले प्रश्न विचारले. खडबडीत हवेत वेक लवकर का भरतो, याचं उत्तर मी फळ्यावर काढून दिलं. मग "लाइव्ह सेटअप कुठे आहे?"

मी सांगितलं. स्टुलाचा व्हिडिओही दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला. "चांगलं काम आहे," म्हणाले, "पण हा वेगळा विषय झाला. प्रात्यक्षिकाचे मार्क मी देऊ शकत नाही."

बरोबरच आहे. प्रात्यक्षिक नव्हतंच.

तरी बसमध्ये वाईट वाटलं. फर्स्ट यायचं होतं मला. इथे खोटं कशाला लिहू.

२६ एप्रिल

आज अनीश सर गाळ्यावर आले. न सांगता. रिक्षातून उतरून पत्ता विचारत आले, मावशी गोंधळली, तिने खुर्ची पुसली. सर खुर्चीवर बसलेच नाहीत, जिज्ञासाला विचारून स्टुलावर बसले. आधी बाजूने वारा, मग पाठीमागून, मग तिरका. तिरका कुणीच करून बघितला नव्हता. मग मी आणि सर तासभर कोन बदलत बसलो. जिज्ञासा म्हणाली, "सर, माझं काम राहिलंय." सर "सॉरी, सॉरी" करत उठले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या निळ्या झाल्या होत्या.

जाताना म्हणाले, "टेबलाची उंचीही बदलून बघायला हवी. पुढच्या आठवड्यात येतो."

२९ एप्रिल

द्रौपदीकाकी गावी चालल्या. पाटणच्या वर डोंगरात त्यांच्या भावाचं घर आहे. हे मला आजच कळलं. भेटायला गेले तर पिशवी भरत होत्या. दोन कपडे भरले की बसायच्या.

मला बोलायचं होतं, ते त्यांना कळलं असावं. मी म्हटलं, "काकी, मी तुम्हाला अजून घासा म्हणत होते."

"तू म्हनत नव्हतीस तवाबी घासतच होते," त्या म्हणाल्या. "तू येऊन निदान बोलत तरी होतीस." मग थोडा दम घेऊन म्हणाल्या, "ती पोरगी बसतीय का नीट? वळून?"

"बसते."

"मग झालं. चेन लाव त्या पिशवीची, माझ्यानं ओढंना."

१८ मे

दुपारी काकींचा फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला, फोन फुटेल असा.

"पायल! वर आलीय पठारावर. भाच्यानं गाडीवर बसवून आणली. हितं पंखं हायेत गं, तुझे! डोंगराएवढे!"

त्यांच्या गावाच्या डोक्यावर पवनचक्क्या आहेत आणि काकी इतकी वर्षं गावी गेल्यावर त्या खालूनच बघत होत्या, वर कधी गेल्या नव्हत्या. मी एवढा अभ्यास करणारी, मीही प्रत्यक्षात एकसुद्धा बघितलेली नाही.

"काकी, वारा कुठून येतोय? पुढचा पंखा कुठला?"

"थांब की, बघू दे." बराच वेळ त्यांचा श्वास ऐकू येत होता. अजून शिट्टीसारखाच आहे, पण मधे खोकला आला नाही. "हा पुढचा जोरात हाय. त्याच्या पाठचा बघ, आळसावलाय. फिरतोय, पन मनापासून न्हाय."

"किती लांब आहे पाठचा?"

"लई लांब. मधी आमचं अख्खं गाव मावंल."

मी खाटेवरून उठून उभीच राहिले. इतक्या लांबही पोचतो! वाचलेलं असतं, तरी.

"पन काय गं," काकींनी विचारलं, "तो एवढा हळू फिरतोय, तर त्याला तिथं लावलाच कशाला?"

"वारा नेहमी एकाच बाजूने येत नाही, काकी. थंडीत उलट्या बाजूने येतो. मग आता जो मागे आहे, तो पुढे होतो."

वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला, आणि त्यात पात्यांचा संथ फटकारा. पलीकडून भाचा काहीतरी म्हणाला, चला म्हणत असावा. काकींनी त्याला थांबवलं.

"थंडीत म्हंजी कार्तिकात?"

"हो, त्याच सुमाराला."

"तवा परत वर यायला पायजे मग," त्या म्हणाल्या. "बघून तुला सांगते."

"मीच येते काकी तेव्हा. दोघी बघू."

"ये. स्वेटर आन पन. हितं वारा लई असतोय."